रोजचे किती लागतील?

कोथरूडहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय साठ, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाल्या. पेन्शन चालू आहे, यजमानही निवृत्त, मुलगा हिंजवडीत नोकरीला. येत्या कार्तिकी एकादशीनंतर शाळेतल्याच एका मैत्रिणीबरोबर नर्मदेची पायी परिक्रमा करायचं चाललंय. घोडं अडलंय पैशांवर. मुलानं लॅपटॉपवर तक्ता करून दिला : जेवण, मुक्काम, चहापाणी मिळून रोजचे दीड हजार, दीडशे दिवसांचे सव्वादोन लाख, "आणि ते मी देतो." मैत्रीण म्हणते, "एक रुपया लागत नाही, सगळं मैया देते. पैसे बांधून नेणं म्हणजे अविश्वास." यांना दोन्ही पटत नाही. त्यांचेच शब्द देते : "मुलाच्या पैशावर यात्रा करायची नाही. आणि पेन्शन असताना गरीब खेडुतांच्या दारी फुकट जेवायचं, हेही जमणार नाही. आमच्या घरात कुणी कुणाचं फुकट खाल्लेलं नाही. दरवर्षी पालखीला फर्ग्युसन रस्त्यावर आम्ही राजगिऱ्याचे लाडू वाटतो; घेणाऱ्यांत मी कधी उभी राहिले नाही. मला फक्त एवढं सांगा, रोजचे किती धरू?"

नमस्कार ताई,

आकडा आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. हातखर्चाला रोजचे शंभर रुपये धरा. त्यातलेही बऱ्याच दिवशी उरतील.

मी परिक्रमा केली त्याला बरीच वर्षं झाली, तेव्हा माझ्या वहीतले आकडे आजच्या भावानं वाढवून सांगते आहे. शंभरात काय येतं? नाक्यावरचा चहा, दोन केळी, कपड्यांचा साबण, मोबाइलचा रिचार्ज, खोकल्याच्या गोळ्या, पिशवीची तुटलेली चेन. चहासुद्धा विकत घ्यायची वेळ क्वचित येते. आपलं "नर्मदे हर" कानावर पडलं की कुणीतरी ओट्यावरून उठतं आणि "माताजी, चाय पीके जाना" म्हणतं. एका सकाळी मी नाही म्हणता म्हणता सात चहा प्यायले आणि दिवसभर पित्तानं हैराण झाले. त्या दिवसाचा खर्च, पित्ताची एक गोळी.

तुमच्या मुलाची बेरीज बरोबर आहे. पण त्यानं तक्ता केलाय तो केरळच्या सहलीला करतात तसा. रोज दीड हजार खर्चायचे म्हटले, तरी ते घ्यायला समोर लॉज आणि खाणावळ हवी ना! काठानं चालताना दिवसचे दिवस ती दिसत नाही. असतात ते आश्रम, धर्मशाळा, अन्नक्षेत्रं, शाळेचा व्हरांडा, मारुतीचं देऊळ, नाहीतर सरळ कुणाचं तरी घर. संध्याकाळी तिथं आसन लावायचं, म्हणजे पथारी टाकायची. तिकडे असंच म्हणतात. आधार कार्ड बघून वहीत नाव लिहून घेतात. भोजनप्रसादी तयार असली तर ती घ्यायची. नसली तर सदावर्त मिळतं : कणीक, डाळ, मीठ, दोन बटाटे असा कोरडा शिधा. तो आपल्या हातानं शिजवायचा. सकाळी उठून चालू लागायचं. बिल कुणी करत नाही. मुलाच्या तक्त्यातले सर्वांत मोठे दोन रकाने इथंच रिकामे पडतात.

मैत्रिणीचंही अर्धंच खरं. मैया टिक्कड (जाड रोटी) देते, रेल्वेचं तिकीट देत नाही.

"रोजचे किती" या प्रश्नाचीच थोडी गडबड आहे. या वाटेवर पैसा रोज थोडाथोडा जात नाही. दहा दिवस खिशाला हात लागत नाही आणि अकराव्या दिवशी एकदम दोन हजार जातात. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर. दोन्ही काठ मिळून २,६०० च्या पुढे, आणि वळसे धरले तर त्याहून बरंच जास्त. परंपरेनं तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची परिक्रमा; हल्ली बहुतेक जण रोज वीसेक किलोमीटर चालतात आणि आजारपण, विश्रांती धरून पाच-सहा महिन्यांत पुरी करतात. म्हणजे मुलाचे दीडशे दिवस ठीक आहेत. त्या दीडशे दिवसांत ठोक खर्च कुठं येतो ते बघा. जायचं भाडं : झेलम एक्स्प्रेसनं खंडवा, तिथून बसनं ओंकारेश्वर. संकल्पाची पूजा. बूट : एका जोडात परिक्रमा होत नाही, दुसरा जोड वाटेत घ्यावाच लागतो. (पाय सुजतात. पहिला जोडच थोडा सैल घ्या. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार "हाच फिट बसतो" म्हणेल, त्याचं ऐकू नका.) मग समुद्र. दक्षिण काठावर विमलेश्वरहून उत्तरेच्या मीठीतलाईला होडीनं जायचं. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, कधी दोन दिवस थांबवते, आणि भाडं रोख द्यावं लागतं. पुढं अमरकंटक हजार मीटरहून उंचावर आहे. तिथल्या थंडीला पुण्याचा स्वेटर पुरत नाही. शेवटी ओंकारेश्वरला जल चढवणं, कन्याभोजन, कढाई (म्हणजे शिऱ्याचा प्रसाद). या सगळ्याचे मिळून पंधरा हजार वेगळे काढा.

म्हणजे हातखर्चाचे पंधरा हजार आणि हे पंधरा. आश्रमांच्या दानपेटीसाठी आणखी पंधरा. त्याबद्दल खाली बोलणारच आहे. याशिवाय पंचवीस हजार वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. पाय मुरगळला, घरी कुणी आजारी पडलं, किंवा नुसतंच "आता पुरे" वाटलं, तर कुणाला न विचारता, गाडी करून, हवं तर विमानानं परत येता यावं म्हणून ते. परत यायची सोय असली की माणूस पुढं जायला घाबरत नाही, हा माझा अनुभव. बेरीज सत्तर हजार. त्यातले पंचवीस बहुधा जसेच्या तसे परत येतील. पेन्शनीतून पाच महिन्यांत हे झेपतं. मुलाकडे हात पसरायचं कारण उरलं नाही, आणि तुमचं पत्र खरं तर इथंच संपायला हवं होतं.

संपत नाही, कारण पत्रातला सर्वांत जड शब्द "फुकट" आहे. तो दोनदा आलाय.

"आमच्या घरात कुणी कुणाचं फुकट खाल्लेलं नाही." ताई, नक्की? तुमच्या घरातले पहिले शिकलेले कोण, ते पुण्यात कधी आले आणि जेवायचे कुठं, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून बघा. माझे आजोबा कोकणातून शिकायला आले ते वार लावून जेवले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे नारायण-सदाशिव पेठेत सात वार. ज्यांना वारही मिळत नसत ते माधुकरी मागत. या शहराच्या विद्वत्तेचा केवढा तरी भाग लोकांच्या ताटात वाढलेला आहे, आणि आपण मात्र "पुणेकर कुणाचं घेत नाही" असं छातीठोकपणे सांगतो. आजोबा म्हणायचे, गुरुवारच्या घरचं ताक अगदी पाणीदार असायचं, पण ती काकू परीक्षेचा पेपर कसा गेला ते विचारायची. म्हणून गुरुवार त्यांना आवडायचा. कचेरीत चिकटल्यावर ते तिच्याकडे पैसे घेऊन गेले नाहीत. त्यांनी स्वतःच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एका मुलाचा बुधवार लावून घेतला. आजीची कुरकुर होती म्हणे, कारण तो मुलगा आठ पोळ्या खायचा.

सदावर्ताचा हिशोब असाच चालतो. ज्या दारातून घेतलं त्याच दारात फेड करायला गेलं की घोटाळा होतो. मी केलेला घोटाळा सांगते. मध्य प्रदेशात निमाडातलं एक गाव, शेतकऱ्याचं घर. डाळ-बाटी, वांग्याचं भरीत, वर तूप. मी पक्की पुणेकर. उठताना ताटाखाली शंभराची नोट सरकवली. दहा पावलं गेले नसेन, सूनबाई धावत आली. नोट हातात, चेहरा पडलेला. "माताजी, खाना अच्छा नहीं था क्या?" मला काही बोलता येईना. तिच्या लेखी पाहुणीनं जेवणाची किंमत केली होती, आणि किंमत परक्याच्या जेवणाची करतात. त्याच गावाच्या वेशीवर एका म्हाताऱ्यानं माझ्या पायाला हात लावून दहा रुपये दक्षिणा दिली. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईला, दहा रुपये! हे तुमच्याही बाबतीत होणार आहे, तेव्हा आत्ताच तयारी ठेवा. "अहो, मला पेन्शन आहे" असं त्यांना सांगायचं नाही. घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि वेगळ्या पुरचुंडीत ठेवायचे. माझ्याजवळ अशा नोटा-नाणी जमली ती शेवटच्या कन्याभोजनात घातली.

आता तुमचा राजगिऱ्याचा लाडू. तुमच्याकडून लाडू घेणारा वारकरी गरीब असतो असं तुम्ही धरून चालला आहात. तो दिंडीत भिशी भरून आलेला असतो, त्याच्या तीन आठवड्यांच्या जेवणाची सोय झालेली असते, आणि गावाकडे त्याची दहा एकर बागायत असायलाही हरकत नाही. लाडू देताना तुम्ही सातबारा मागितला नव्हता. त्यानं "नको, माझी भिशी भरलेली आहे" म्हणून हात मागं घेतला असता, तर उन्हात तीन तास उभं राहिलेल्या तुम्हाला कसं वाटलं असतं? निमाडातल्या त्या सूनबाईला तसंच वाटलं.

"गरीब खेडूत" हेही जरा तपासून बघू. काठावर जेवू घालणारे सगळे गरीब नाहीत. निमाडात कापूस, केळी, गहू पिकवणारी सुखवस्तू घरं आहेत. गुजरातेत विश्वस्त संस्थांची मोठी अन्नक्षेत्रं आहेत. कित्येक आश्रमांत पोत्यावर पोती शिधा येतो तो इंदूर-सुरतेहून आणि, हो, पुण्या-नाशकाहूनही. वाटसरूला शिधा देण्याची व्यवस्था तिथं पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. महेश्वरला राजधानी करून १७६७ ते १७९५ राज्य चालवलेल्या अहिल्याबाई होळकरांनी घाट बांधले, तशी अन्नछत्रं आणि सदावर्तंही लावून दिली होती. तुम्ही जेवाल ते अन्न कुणीतरी आधीच, तुमच्यासारख्या कुणासाठी तरी, बाजूला काढून ठेवलेलं असतं.

पण सगळीकडे असं नाही, आणि इथं मला तुमच्या मैत्रिणीशी स्पष्ट बोलायचंय.

ओंकारेश्वरहून नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठानं निघालात की बडवानीजवळच्या राजघाटानंतर शूलपाणीची झाडी लागते. थोडा भाग मध्य प्रदेशात, थोडा आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात, पुढचा गुजरातेत. जुन्या लोकांच्या सांगण्यात झाडी म्हणजे लूट : भिल्ल येऊन परिक्रमावासीयाच्या अंगावरच्या वस्त्रापर्यंत सगळं नेत. आज त्याच डोंगरांत भिल्ल-पावरा घरं परिक्रमावासीयांना थांबवून घेतात. सरदार सरोवराच्या पाण्यात काठची जुनी वाट आणि पुष्कळांची काठची शेतं गेली. वाट आता डोंगरांवरून चढते-उतरते. तिथल्या घरात उतरलात की मात्र "मैया देते" म्हणून मोकळं होता येत नाही. तिथं मैया कुणाच्या डब्यातून देते ते दिसतं. आम्ही दोघीच होतो, पण त्या संध्याकाळी त्याच पाड्यावर आणखी बारा जण येऊन थांबले. घरची बाई काही न बोलता मागच्या दारानं गेली आणि दोन शेजाऱ्यांकडून पीठ उसनं घेऊन आली. मी ते बघितलं. बाकीच्यांनी बघितलं नसावं, कारण जेवताना मैयाच्या कृपेचं वर्णन चाललं होतं.

म्हणून झाडीपुरता तुमचा संकोच मला योग्यच वाटतो, फक्त तो नोटेनं मिटवू नका. झाडीत शिरण्याआधीच्या शेवटच्या बाजारात दोन-तीन दिवसांचे पोहे, सत्तू, गूळ, खिचडीचे डाळ-तांदूळ घ्या. पाठीवर दोन किलो वाढतील, वाढू देत. त्यातच पाव किलो चहापूड आणि तेलाची एखादी पिशवी जास्त घ्या आणि ज्या घरी उतराल त्या घरच्या बाईच्या हातात द्या. "आपण सगळे मिळून करू" म्हटलं की ती घेते. मोठ्या घोळक्यात चालू नका. आणि शक्य असेल तर एकादशी झाल्या झाल्या निघायची घाई करू नका. सगळे तेव्हाच निघतात, मग दहा-पंधरा दिवसांनी सगळे एकदमच झाडीत पोचतात, आणि पाड्यांवरची पिठं एकदमच संपतात. दोन-तीन आठवडे मागून निघालात तर भार विभागतो. मुलांना रस्त्यात चॉकलेटं वाटायची एक पद्धत पडली आहे, ती मला मुळीच आवडत नाही. पोरं शाळा सोडून रस्त्यावर हात पुढं करून उभी राहायला शिकतात. तुम्ही शिक्षिका आहात, वेगळं सांगायला नको. वह्या-पेन्सिली द्यायच्याच असल्या तर तिथल्या शाळेच्या मास्तरांकडे द्या.

आश्रमांचं वेगळं. तिथं पेटी असते, तिच्यात मुक्कामाला पन्नास-शंभर टाकले तर कुणाचा अपमान होत नाही. त्यासाठीच वरचे पंधरा हजार सांगितले. पेटी दिसली नाही तर स्वयंपाकघरात डोकवा. भाजी चिरायला बसा, पातेली घासा. दोन कामं केल्याशिवाय उठायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि त्यामुळं माझं जेवण सुखानं पचलं. शिवाय स्वयंपाकघरात बसलं की काय कमी पडतं ते कळतं. लोक गहू देतात, कारण गहू देणं सोपं. खोळंबा असतो तो चहा-साखरेचा, गॅसच्या टाकीचा, सतरंज्यांचा, बायकांच्या संडासाच्या दाराचा. एका ठिकाणी कणकेची आठ पोती होती आणि काडेपेटी नव्हती.

तुमच्या मुलाचे पैसे इथं कामाला येतात. तुम्ही मुलाकडून घेत नाही, खेडुताकडून घेत नाही; तीस वर्षं वर्गात आणि घरात देत राहिल्यामुळं हात उलटा करायची सवयच मोडली असेल. पण त्या मुलाला आईच्या परिक्रमेत काहीतरी करायचंय, आणि त्याला येतं ते पैसे देणं. त्याला तोंडावर नाही म्हणू नका. म्हणा, "मला नको, पण थांब. मी चालून येते आणि तुला तीन ठिकाणं सांगते." हिशोबाची वही तुम्ही ठेवालच. डाव्या पानावर खर्च लिहा, उजव्या पानावर जमा : कुठल्या गावी कुणी काय दिलं आणि तिथं काय नव्हतं. मी तशी वही ठेवली होती. डावी पानं निम्मी कोरी राहिली, उजवीकडे समासातसुद्धा जागा उरली नाही. परत आल्यावर ती वही मुलासमोर ठेवा. त्याच्या तक्त्यातला दीड हजाराचा दर सोडून द्या, रोजचे दोनशे धरले तरी दीडशे दिवसांचे तीस हजार होतात. एका आश्रमाला संडासाचं दार आणि पाण्याची टाकी, दुसऱ्याला कांबळी, झाडीतल्या शाळेला वह्या, एवढं त्यात बसेल. ते सामान घेऊन त्याला स्वतः जायला सांगा. तिथं त्यालाही जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, मग त्याचा तक्ता आपोआप दुरुस्त होईल.

हे सगळं वाचूनही "नाही बाई, मला दुसऱ्याच्या दारात जमणार नाही" असं वाटलं, तर त्यात कमीपणा नाही. बसनं परिक्रमा होते, साधारण पंधरा-वीस दिवसांत. पुण्यातून कितीतरी गट जातात, एकरकमी पैसे भरायचे, कुणाचं मिंधं व्हायला नको. पायीच हवी असेल तर खंडाखंडानं करणारेही आहेत. एक महिना चालायचं, खूण करून परत यायचं, पुढच्या वर्षी तिथून पुढं. घरी आजारी माणूस असलेल्या किंवा सलग रजा न मिळणाऱ्या वाचकांना मी तेच सुचवते. आणि आधी चाखून बघायची असेल तर चैत्रात गुजरातेत तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, एका दिवसात होते. वाटेत लोक ताक, सरबत, खिचडी घेऊन उभे असतात. पाय किती चालतात ते बघाच, पण कुणी पेला पुढं केला की आपला हात कसा पुढं जातो तेही बघा. यंदाचा चैत्र गेला असेल तर ज्येष्ठात पालखीबरोबर पुणे ते सासवड चाला, दिवेघाट चढून. त्या दिवशी लाडू वाटू नका, घ्या.

काही बारीकसारीक. चहाच्या टपरीवरही मोबाइलनं पैसे चालतात, पण झाडीत आणि मंडला-दिंडोरीकडच्या जंगलात रेंज नसते, तेव्हा दहा-वीस-पन्नासच्या सुट्ट्या नोटा मिळून दोन-तीन हजार जवळ असू द्या, दोन जागी विभागून. मोबाइलला जोडायचं खातं वेगळं आणि त्यात थोडेच पैसे. पेन्शनचं खातं जोडू नका. रक्तदाबाच्या गोळ्या पाच महिन्यांच्या वाहून नेऊ नका, महिन्याच्या न्या. बडवानी, भरूच, जबलपूरला मिळतात, फक्त चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिक्लेम असला तरी छोट्या गावातल्या दवाखान्यात रोखच द्यावे लागतात. दोन दिवस ताप आला तर महेश्वर, भरूच, जबलपूर अशा ठिकाणी सरळ लॉजची खोली घ्या, गरम पाण्यानं आंघोळ करा, झोपा. तो खर्च राखीव पंचवीस हजारांतून. मैत्रीण नाक मुरडेल, मुरडू दे.

आणि घर. परिक्रमेच्या खर्चात हा रकाना कुणीच धरत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स, विजेचं बिल, विम्याचा हप्ता पाच महिने चालूच राहतो, आणि यजमान मागं एकटे आहेत. त्यांच्या डब्याचे पैसे तुमच्या चहाच्या दसपट होतील. स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या बाईंचा पगार "तुम्ही नाही, काम कमी" म्हणून कापू नका. गावोगाव लोकांनी आपल्याला जेवू घालायचं आणि आपण घरच्या बाईंच्या पगारातून परिक्रमेचा खर्च काढायचा, असं करणारी माणसं मी बघितली आहेत.

शेवटचं, आणि हे विसरलात तर वरचा सगळा हिशोब कोलमडेल. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना नोव्हेंबर, आणि कार्तिकी एकादशीही बहुधा त्याच महिन्यात पडते. तुम्ही ओंकारेश्वरला संकल्प सोडत असाल आणि इकडे बँकेच्या यादीत तुमची सही नसेल, तर ऐन झाडीत असताना पेन्शन थांबेल. मोबाइलवरून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, मुलगा करून देईल. तरी मी म्हणेन, एक तारखेला सकाळी यजमानांना घेऊन बँकेत जा, दोघांच्याही सह्या करून या आणि मगच झेलमचं तिकीट काढा.